फुकटच्या प्रसादाला कुलूप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबा. मध्येच हसलात तर चहा सांडेल, आणि ही चटई आईची आहे.

बघा, मूर्खपणा करायलाही थोडी अक्कल लागते. साधा माणूस चूक करतो आणि सोडून देतो. माझ्यासारखा हुशार माणूस चूक करतो, मग तिच्यावर पहारा बसवतो, कुलूप लावतो, आणि किल्ली कुठे ठेवली ते शोधायला पंचांग उघडतो. खोटं वाटतंय? ऐका तर.

मी नितीन घाडी. लालबागच्या चाळीत जन्मलो, तिथेच राहतो, आणि लोअर परळच्या एका ऑफिसात बिल्डिंगांची ड्रॉइंगं काढतो. आमच्या चाळीच्या पूर्वेला, काळाचौकीच्या अंगाला, जुन्या गिरणीच्या जागेवर एक टॉवर उभा राहिला. त्याच्या जिन्याची ड्रॉइंगं माझ्या हातची. काय अभिमान होता मला! चाळीतल्या पोरासोरांना गॅलरीत उभं करून दाखवायचो, तो बघा, आपला जिना.

आणि त्या टॉवरने काय करावं? आमचा चंद्र अडवला!

आई संकष्टी करते. दिवसभर चहावर. चंद्र दिसला की अर्घ्य, नैवेद्य, मग जेवण. कॅलेंडरात चंद्रोदय छापलेला असतो, पण तो सगळ्या मुंबईचा. आमच्या गॅलरीतला चंद्र टॉवरची गच्ची ओलांडून येणार. तोवर आई हातात ताम्हन घेऊन उभी. म्हटलं, "आई, वेळ झाली ना कॅलेंडराप्रमाणे? बस जेवायला." तर म्हणाली, "चंद्र दिसल्याबिगर अर्घ्य कोणाक देवचा? त्या टॉवराक?" आणि वर, "झिला, आडवो टॉवर तूच उभो केलंस. आता चंद्र खंयसून काढतलंस तो काढ!"

काढला मी. असातसा नाही, प्रोग्राम लिहून काढला!

शिकलो मनानेच, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. साहेबांना सांगू नका. प्रोग्रामाचं नाव 'चंद्रदर्शन'. तुमची बिल्डिंग कुठे आहे, समोर काय आडवं आलंय, किती उंच, एवढं घाला. कुठल्या मिनिटाला चंद्र तुमच्या डोळ्यांना दिसेल ते सांगणार. इंटरनेटवर माझं एक छोटंसं पान केलं आणि तिथे फाईल ठेवून दिली. फुकट! कुणीही घ्या, वापरा, वाटा. पुण्याच्या एका काकांनी घेतला. दिल्लीच्या बायकांनी करवा चौथसाठी घेतला. आमच्या मंडळाने तर हॉलमधल्या जुन्या स्क्रीनवर लावला.

मग एक दिवस मेल आला की तुमचा प्रोग्राम आम्ही आमच्या दुकानात ठेवला आहे. हे दुकान म्हणजे कॉम्प्युटरमधलं. फुकट सॉफ्टवेअर वापरणारी जी मंडळी असतात ना, त्यांचं एक सामाईक भांडार असतं, हौशी लोक चालवतात. तिथे आपलं नाव! मी पेढे वाटले. आईने विचारलं, "दुकान खंय आसा? दादराक?" म्हटलं, "आई, जगभर!" तिने देवापुढे पेढा ठेवला. दादरला असतं तर जास्त खूश झाली असती.

आता माझा प्रोग्राम त्या दुकानात जातो कसा? कोण नेतं? कुठून नेतं? हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? नाही पडला. मोठ्या माणसांना बारीक प्रश्न पडत नाहीत.

आणि तिकडे बिल्डरने काय केलं, मजले वाढवले! पुढच्या संकष्टीला प्रोग्राम म्हणतोय चंद्र दिसला, गॅलरीत बघतो तर चंद्राचा पत्ता नाही. आई म्हणाली, "तुझो चंद्र रजेर गेलो काय रे?" शेजारच्या गॅलरीतूनही दोघी हसल्या. मला लागलं ते. ज्याचं नाव जगभर, त्याचा चंद्र स्वतःच्या चाळीत उगवेना?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गुपचूप प्रोग्रामात आधीच घालून ठेवलेली टॉवरची उंची वाढवली आणि नवी फाईल त्याच जागी, त्याच नावाने ठेवून दिली. कुणाला सांगितलं नाही. अहो, आमटीत मीठ कमी पडलं तर पाहुण्यांची पाठ वळल्यावर टाकतोच की चिमूटभर! त्याची दवंडी पिटायची का?

आठवड्याभरात मेल आला. इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतो. 'नमस्कार. तुमच्या लिंकवरची फाईल बदललेली दिसते. नाव मात्र तेच आहे. हा बदल तुम्हीच केलात का, कृपया लवकर कळवा. आणि कृपया तुमची लिंक स्थिर ठेवा. आपला, आर. परब.'

लिंक. लवकर. कळवा. हल्ली फोन लावला की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी एक बाई धमकावते ना, अनोळखी लिंकपासून सावध राहा म्हणून? मी थेट मामाला फोन केला.

माझा मामा पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालाय, नायगावला राहतो. रिटायर झाल्यापासून त्याच्या हाती गुन्हेगार लागत नाहीत, त्यामुळे तो नातेवाइकांवर लक्ष ठेवून असतो. संध्याकाळीच आला, चष्मा लावला, मेल वाचला आणि मोबाइल असा पालथा ठेवला.

"फ्रॉड आहे."

"कशावरून, मामा?"

"तू ओळखतोस ह्याला?"

"नाही."

"लिंकचं बोलतोय?"

"हो."

"घाई करतोय?"

"लवकर कळवा म्हणतोय."

"मग अजून काय पायजे तुला? गळ्यात पाटी घालून येणार काय तो, मी चोर म्हणून? आणि हे बघ, लिंक स्थिर ठेवा! का रे बाबा, स्थिर कशाला पायजे तुला? चोराला माल एका जागीच लागतो. हलता माल चोरता येत नाय!"

काय लॉजिक! मी भारावलो. आता तुम्ही म्हणाल, अरे नितीन, जी वस्तू तू जगाला फुकट वाटतोयस, ती कुणी चोरणार म्हणजे काय करणार? देवळात प्रसाद वाटायला बसायचं आणि ताटाला कुलूप लावायचं? बरोबर आहे तुमचं. पण हे मला तेव्हा कुणी विचारलं नाही ना!

मी फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली. परबला उत्तर नाही.

पुन्हा मेल. 'तुमची जुनी लिंक आता बंद आहे. शोधल्यावर फाईल नव्या जागी सापडली. कृपया वारंवार जागा बदलू नका, लोकांची गैरसोय होते.'

"बघितलंस?" मामा ओरडला. "माग काढत आला! हलव!"

हलवली. नावही बदललं. पुन्हा मेल! 'सर, मी आपल्याशी फोनवर बोलू शकेन का?'

"आता फोन मागतोय," मामा आईला म्हणाला. "ताई, उद्या घर मागेल."

तेव्हा माझं डोकं चाललं. साध्या जागा हा शोधून काढतो ना? मग जागा रोज बदलायची. आणि ती कशी बदलते ते फक्त आपल्या माणसाला कळलं पाहिजे. मी असं लिहून ठेवलं की रोज सूर्योदयाला फोल्डरचं नाव आपोआप बदलेल आणि त्या दिवसाची तिथी होईल. आज प्रतिपदा, उद्या द्वितीया. माझ्याच प्रोग्रामातलं गणित मी त्या कामाला लावलं. चोराला पासवर्ड फोडता येतो, पंचांग कुठे येतंय? मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "डिपार्टमेंटला तुझ्यासारखी माणसं पायजे होती." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला अजून एक कटलेट वाढलं.

चार दिवस गेले आणि मेल. 'सर, आज षष्ठी असल्याने फाईल षष्ठीमध्ये आहे हे कळलं. पण हे असं किती दिवस चालणार?'

मामाच्या हातातला कप बशीत आपटला. "नित्या... चोराला पंचांग येतंय!"

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्यातलाच आहे. घरभेदी!"

मग मामाने सापळा रचला. चोराला बाहेर शोधायचं नाही, त्याला घरात बोलवायचं आणि मागून दार लावायचं. त्याच्या सांगण्यावरून मी परबला गोड मेल लिहिला. 'आपण प्रत्यक्ष भेटून बोलू. अंगारकीला संध्याकाळी लालबागला आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये या. प्रसादाला थांबा.' तासाभरात उत्तर! 'खूप आभार. नक्की येईन. आईलाही आणते, तिचाही उपास असतो.' माझा मेल मराठीत गेला होता, म्हणून उत्तरही मराठीत आलं होतं. पण 'आणते' मधली ती बाई आम्हा दोघांपैकी एकालाही दिसली नाही. मामाला दुसरंच दिसलं.

"आईला आणतोय! टोळी आहे, टोळी!"

आता ही अंगारकी साधी नव्हती. वर्षातून एकदोनदा येते, चाळीतलं घर न् घर उपास धरतं, आणि ह्या वेळी मंडळाने माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मंडळाचा कार्यदर्शी प्रकाश सावंत, म्हणजे आमचा पक्या, पहिलीपासूनचा दोस्त. त्याने तर जाहीरच केलं होतं की आज कुणी गॅलरीत मान वर करून उभं राहायचं नाही, सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचं. नित्याचा प्रोग्राम स्क्रीनवर सांगेल चंद्र दिसला, की आरती, नैवेद्य आणि पंगत. आई गेले पंधरा दिवस ज्याला त्याला सांगत होती. भायखळ्याहून मावशीला बोलावून घेतलं होतं. आयुष्यभर खानावळीचे डबे करून मला शिकवलं तिने. माझ्या गळ्यात हार पडलेला तिला बघायचा होता, आणि तो बघूनच ती उपास सोडणार होती. एवढंच होतं बघा तिचं मागणं.

मीही तयारीत होतो. सन्मानचिन्ह लावायचं कुठे? दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर, जिथे कॅलेंडर असतं, तिथेच! पण त्या बारक्या खिळ्यावर ते वजन कसं राहणार? आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मी कॅलेंडर काढून कपाटावर टाकलं, खिळा उपटला आणि हातभर वर नवा दणकट खिळा ठोकला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

संध्याकाळी ऑफिसातून लवकर सुटून नवा सदरा घालून हॉलमध्ये गेलो. हॉल खचाखच. खिडक्यांना पडदे, कारण पक्याने नवा मोठा स्क्रीन आणला होता. मी म्हटलं, "पक्या, जुना कॉम्प्युटर कुठाय?"

"जुना देऊन नवा घेतला रे! खास तुझ्या सत्कारासाठी. आता फक्त तुझा प्रोग्राम टाकायचाय दुकानातून. एक बटण दाबलं की झालं, नाय का?"

"एक बटण," मी म्हटलं. आत्मविश्वास बघा माझा!

पक्याने बटण दाबलं. स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओळी थांबल्या. शेवटची ओळ लाल. 'दिलेल्या पत्त्यावर मूळ फाईल सापडली नाही.'

"परत दाब," मी म्हटलं.

परत लाल.

मी हसत हसत पुढे झालो. अरे, मूळ फाईल माझी आहे, कुठे आहे ते मला माहीत! आपल्या पानावर गेलो, आज अंगारकी म्हणजे चतुर्थी, शेंबड्या पोराला ठाऊक. फोल्डरचं नाव टाकलं, चतुर्थी. तर माझंच पान मला म्हणतंय, असं काही इथे नाही!

माझी मूळ प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, पानाचा पासवर्ड तिथेच, आणि ऑफिसला टाळं. तिथी नक्की कुठली ते बघायला 'चंद्रदर्शन' हवा, आणि 'चंद्रदर्शन' मिळायला तिथी हवी. असं बिनतोड कुलूप जगात कुणी केलं नसेल हो!

पहिल्या रांगेत पोटं बोलायला लागली. एक आजोबा म्हणाले, "पूर्वी बरं होतं, चंद्र असाच यायचा." आई ताम्हन मांडीवर घेऊन बसली होती, ओठ सुकलेले. माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याने मला जास्त मेल्यासारखं झालं.

"मावशे," मी हळूच म्हटलं, "पटकन वर जा आणि कॅलेंडरात चंद्रोदय बघून ये."

मावशी गेली, आली, आणि भर हॉलमध्ये मोठ्याने म्हणाली, "अरे नित्या, कॅलेंडर नाही भिंतीवर! खिळा पण जागेवर नाही. नुसतं भोक आहे!"

आईचं हसू गेलं. "खिळो खंय गेलो माझो?"

तेवढ्यात दारात शिट्टी वाजली. मामा! सोबत मंडळाचे चार स्वयंसेवक. आणि त्यांच्या मध्ये एक चष्मेवाली, पाठीला सॅक लावलेली मुलगी, आणि हातात स्टीलचा डबा घेतलेल्या तिच्या आई.

"नित्या, पकडली!" मामा गरजला. "नाव विचारलं तर म्हणते आर. परब!"

"रेश्मा परब," मुलगी म्हणाली. "गिरगावातून आलोय. घाडी सरांनी बोलावलंय ना आम्हाला? हे शिट्टी का वाजवतायत?"

"डब्यात काय आहे?" मामाने विचारलं.

"मोदक," तिची आई म्हणाली. "उकडीचे. का हो, चालत नाहीत का इथे?"

मी पुढे झालो. म्हटलं, "तुम्ही... तुम्ही माझ्या फाईलच्या मागे का लागलाय?"

"मागे? सर, तुमचा प्रोग्राम दुकानात मीच ठेवलाय! आमच्या गिरगावच्या चाळीसमोरही टॉवर आलाय. आईसाठी तुमचा प्रोग्राम शोधला, आवडला, म्हटलं सगळ्यांना मिळू दे. पहिला मेल दुकानाच्या नावाने गेला होता, तो माझाच." मग ती स्क्रीनकडे वळली, लाल ओळ बघितली आणि मान हलवली. "झालंच ना शेवटी?"

"काय झालं?" पक्याने विचारलं.

"बघा, आमच्या दुकानात तयार पदार्थ नसतो, कृती असते. सामान कुठून आणायचं तो पत्ता, आणि आणलेलं सामान तेच आहे ना हे ताडायला एक ठसा. कॉम्प्युटर पत्त्यावर जातो, फाईल आणतो, ठसा जुळवतो आणि मग शिजवतो. ह्यांनी आधी गुपचूप सामान बदललं, मग दुकानच हलवलं. मग रोज हलवायला लागले! मी रोज सकाळी आईला तिथी विचारून ह्यांच्या दारात डोकावत होते, की आता तरी नीट ठेवलंय का."

"मला वाटलं, पोरगी धार्मिक झाली," तिची आई म्हणाली. "मी सत्यनारायण बोलले होते."

मामाने शिट्टी खिशात टाकली.

"पण मग आज चतुर्थीत फाईल का नाही?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"मलाही नाही सापडली," रेश्मा म्हणाली.

"कशी सापडेल?" तिची आई म्हणाली. "चतुर्थी चंद्रोदयाची धरतात. सूर्योदयाला आज तृतीयाच होती. तुम्ही लिहिलंत ना हो ते पंचांगाचं?"

मीच लिहिलं होतं हो! सूर्योदयाची तिथी. बरोब्बर लिहिलं होतं. माझं गणित चुकत नाही, मी चुकतो.

रेश्माने तृतीया टाकलं. फाईल आली. हॉलमध्ये पुन्हा टाळ्या. तिने आपल्या सॅकमधून लॅपटॉप काढला, कृतीतला पत्ता बदलला, पक्याने बटण दाबलं, आणि पुन्हा लाल! 'ठसा जुळत नाही.'

"हा ठसा मी तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय बदलणार नाही," रेश्मा म्हणाली. "मेलमधून हेच विचारत होते मी. ही फाईल तुम्हीच बदललीत का? की दुसऱ्या कुणी तुमच्या पानावर घुसून घाण केली? आणि बदललं काय?"

पक्याने सत्काराचा माईक माझ्या तोंडापुढे धरला. मित्र असाच असावा.

"मीच बदलली," मी म्हणालो. स्पीकरवरून आवाज पार रस्त्यावर गेला. "बिल्डरने मजले वाढवले होते. माझा चंद्र चुकला. कुणाला कळू नये म्हणून मी गुपचूप... त्याच नावाने..."

"एवढंच?" रेश्मा म्हणाली. "अहो, मग नावापुढे पुढचा आकडा टाकून नवी फाईल शेजारी ठेवायची! जुनी तिच्या जागेवर राहू द्यायची. मी त्याच दिवशी दुकानात घातली असती. चुका सगळ्यांच्याच होतात सर, त्यासाठीच तर आकडे असतात."

तिने ठसा बदलला. ओळी पळाल्या. हिरव्या! स्क्रीनवर सुंदर चंद्र उगवला, खाली माझं नाव आलं, आणि त्याखाली अक्षरं उमटली. 'आजचे चंद्रदर्शन होऊन गेले आहे.'

सगळा हॉल त्या अक्षरांकडे बघत बसला. मग पक्या धावला, पडदा ओढला. टॉवरच्या गच्चीच्याही वर, चांगला दोन हात वर, चंद्र आमच्याकडे बघत होता.

आणि मावशी म्हणाली, "हा? हा तर मी मघाशीच बघितला, कॅलेंडर बघायला जाताना."

"मग बोलली का नाहीस?" मी किंचाळलो.

"मला काय माहीत! म्हटलं, तुमच्या प्रोग्रामात अजून यायचा असेल."

मग जे लोक हसले! उपाशी पोटी इतकं हसता येतं हे मला माहीत नव्हतं. आई अंगणात गेली, अर्घ्य दिलं, आरती झाली. परबीणबाईंचे मोदक मामाने सगळ्यात जास्त खाल्ले. म्हणाला, पुरावा नष्ट करतोय.

सत्कार? झाला ना. पक्याने शाल उघडली आणि सरळ रेश्माच्या खांद्यावर घातली. श्रीफळ तिच्या आईच्या ओटीत. आईला मात्र माझ्या गळ्यात हार बघायचा होता, म्हणून तिने तो रेश्माकडून मला घालून घेतला आणि मगच घास उचलला. सन्मानचिन्हावर माझं नाव आधीच कोरलेलं होतं, पुसता येईना, म्हणून ते मला मिळालं.

घरी आल्यावर आई त्या भोकापुढे उभी राहिली. म्हणाली, "झिला, कॅलेंडर दर वर्सा नया येता. जुना जाता, नया येता. पण खिळो मी कधी हलयलंय? तुझे बाबा होते तेव्हापासून थंयच आसा. काळोखात पण हात बरोबर थंय जाता माझो." मेलमधून रेश्मा महिनाभर हेच सांगत होती. मला ते इंग्रजीत कळलं नाही, मालवणीत लगेच कळलं.

त्या आठवड्यात मी फाईल मूळ पत्त्यावर परत नेली. प्रत्येक बदलाला नवा आकडा, जुन्या सगळ्या फाईली आपापल्या जागी. तिथीचं कुलूप मोडलं. बिल्डरने परवा आणखी एक मजला चढवला, तर मी आधी रेश्माला कळवलं. आणि बारका खिळा त्याच भोकात, आईच्या डोळ्यांदेखत, परत ठोकला.

सन्मानचिन्ह? ते त्या खिळ्यावर राहत नाही, जड आहे. आमचं बाहेरचं दार वाऱ्याने आपटतं ना, आईने ते दाराला अडकण म्हणून लावलंय.

मागच्या संकष्टीला रेश्मा आली होती. दारात वाकली, माझं कोरलेलं नाव नीट वाचलं आणि म्हणाली, "बघा सर, मनात आणलं तर जमतं की तुम्हाला एका जागी स्थिर राहायला!"